वाचकांचे प्रश्न : युरोपच्या भाषांतील ग्रीक उपसर्ग

गेल्या अंकात आम्ही 'टेलि-' या ग्रीक उपसर्गावर एक छोटे टिपण दिले होते. 'दूर' एवढ्या साध्या अर्थाचा हा तुकडा टेलिग्राफपासून टेलिपथीपर्यंत युरोपच्या बहुतेक भाषांत कसा पसरला, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील प्रश्न त्या टिपणापेक्षा बरेच पुढे जाणारे असल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखले आहे. ग्रीक शब्द देवनागरीत लिहिताना प्राचीन उच्चार धरला आहे. आजच्या ग्रीसमधील उच्चार वेगळा असेल आणि तो महत्त्वाचा असेल, तेथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : मी जर्मन शिकत आहे. 'टेलेफोन', 'मिक्रोस्कोप', 'आउटोबिओग्राफी' असे शब्द आले की ते पाठ करावे लागत नाहीत, कारण इंग्रजीत तेच आहेत. माझी मैत्रीण स्पॅनिश शिकते, तिचाही हाच अनुभव आहे. मग या सगळ्या भाषा ग्रीकमधून निघाल्या आहेत, असे समजायचे का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तसे समजू नये. इंग्रजी आणि जर्मन या जर्मानिक कुळातल्या, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या लॅटिनच्या लेकी, रशियन आणि पोलिश स्लाव्हिक, आणि ग्रीक ही या सर्वांहून वेगळी, आपली स्वतंत्र शाखा असलेली भाषा. या भाषांचे मूळ नाते पाहायचे असेल तर प्रयोगशाळेतले शब्द बाजूला ठेवून घरातले शब्द पाहावेत. हाताला इंग्रजीत 'हँड', स्पॅनिशमध्ये 'मानो', रशियनमध्ये 'रुका' आणि प्राचीन ग्रीकमध्ये 'खेइर' म्हणतात. यांत काही साम्य दिसत नाही. उलट हंगेरियन आणि फिनिश या भाषा तर वरच्या सर्व शाखांना सामावणाऱ्या इंडो-युरोपीय कुळातल्याही नाहीत, तरी हंगेरियनमध्ये 'मिक्रोस्कोप' आहे आणि फिनिशमध्ये 'मिक्रोस्कोप्पी' आहे. वारशाने आलेला शब्द कुळाबाहेर सापडत नाही. उसना घेतलेला कोठेही सापडतो.

मग ही उसनवारी इतकी सर्वत्र सारखी कशी झाली? तिचा पहिला थर रोमन काळातला आहे. वैद्यक, तत्त्वज्ञान, व्याकरण आणि पुढे ख्रिस्ती धर्म यांची भाषा ग्रीक असल्याने लॅटिनने त्या भाषेतून शेकडो शब्द घेतले आणि लॅटिन ही पश्चिम युरोपच्या विद्वानांची सामाईक भाषा असल्याने ते सगळीकडे पोहोचले. पण आपण म्हणता ते बहुतेक शब्द या थरातले नाहीत. प्लेटोला 'मायक्रोस्कोप' हा शब्द ऐकवला असता तर त्याचे दोन्ही घटक त्याला कळले असते, पण असा शब्द त्याने कधी ऐकलेला नसता. हे शब्द सतराव्या शतकापासून पुढे घडवलेले आहेत आणि घडवणारे बहुतांशी ग्रीक नव्हतेच.

एक उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. एप्रिल १६११ मध्ये रोम येथे लिंचेई अकादमीने गॅलिलिओच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. गॅलिलिओ आपल्या दुर्बिणीला तोवर साधे 'नळी' अशा अर्थाचे किंवा तत्सम नाव वापरत होता. त्या प्रसंगी जोव्हान्नी देमिझिआनी या मूळच्या ग्रीक गणितज्ञाने 'तेले' म्हणजे दूर आणि 'स्कोपेइन' म्हणजे पाहणे यांची जोडणी करून 'टेलिस्कोप' हे नाव सुचवले. पुढे १६२५ मध्ये त्याच अकादमीच्या जोव्हान्नी फाबेर या जर्मन वैद्याने त्याच साच्यावर 'मायक्रोस्कोप' हा शब्द बेतला. एकदा साचा तयार झाल्यावर शब्द पडत गेले. १७८७ मध्ये लाव्हॉझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये रसायनशास्त्राची नवी परिभाषा प्रसिद्ध केली, तीतले 'ऑक्सिजन' आणि 'हायड्रोजन' ग्रीक धातूंचे. १८३४ मध्ये फॅरडेला विजेच्या प्रयोगांसाठी नावे हवी होती, तेव्हा केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने त्याला 'अ‍ॅनोड' आणि 'कॅथोड' हे शब्द करून दिले. 'आना' म्हणजे वर, 'काता' म्हणजे खाली आणि 'होदोस' म्हणजे वाट. शालेय पुस्तकात आपण ज्यांना धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतो, त्यांचा मूळ अर्थ 'वरची वाट' आणि 'खालची वाट' एवढाच आहे.

ग्रीकच का, याला माझ्या मते एक व्यावहारिक कारण होते. समास करण्याची जी मोकळीक ग्रीकला आहे ती लॅटिनला नाही, आणि फ्रेंचांनी केलेला शब्द जर्मनांनी किंवा इंग्रजांनी विनातक्रार स्वीकारायचा तर तो फ्रेंच नसलेला बरा. आपल्याकडे कन्नड आणि तेलुगू या द्राविड भाषांत 'प्रतिनिधी', 'अनुवाद', 'विज्ञान' असे शब्द मराठीइतकेच सहज सापडतात, तेही याच प्रकारे. त्यावरून कन्नड ही संस्कृतची मुलगी ठरत नाही.

प्रश्न : ग्रीकमधील 'अ', 'दुस', 'पेरि', 'हुपो' हे उपसर्ग आमच्या 'अ', 'दुस्', 'परि', 'उप' यांसारखेच दिसतात. ग्रीकांनी ते संस्कृतातून घेतले काय?
— संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, अनुमान मात्र दुरुस्त करावे लागेल. येथे देवघेव झालेली नाही. संस्कृत आणि ग्रीक या एकाच लुप्त पूर्वज भाषेच्या शाखा असल्याने दोघींनी ही शिदोरी स्वतंत्रपणे सांभाळली. म्हणजे युरोपच्या आजच्या भाषांशी ग्रीक उपसर्गांचे नाते उसनवारीचे आणि संस्कृतशी मात्र रक्ताचे, असा हा थोडा गमतीचा प्रकार आहे.

नकारार्थी 'अ' पाहा. व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' हा आपला नियम: असत्य, पण अनादर. ग्रीकमध्येही नेमका हाच नियम आहे. 'आतोमोस' म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो, त्यावरून अ‍ॅटम. पण 'आर्खे' म्हणजे सत्ता, तिच्या आधी 'आन' येऊन झाला अनार्की. लॅटिनमधला 'इन्' आणि इंग्रजी-जर्मनमधला 'अन्/उन्' हेही त्याच मूळ नकाराचे अवशेष आहेत. देवांच्या आहाराला ग्रीक 'अंब्रोसिया' म्हणत आणि अमराला 'अंब्रोतोस' म्हणत; त्यातील 'ब' हा म् आणि र् यांच्यामध्ये उच्चाराच्या सोयीसाठी आलेला आहे, तो काढला की 'अमृत' समोर उभे राहते. इंग्रज शास्त्रज्ञ टी. एच. हक्सले याने १८६९ मध्ये 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द काढला, त्यातला 'ग्नो' म्हणजे आपला 'ज्ञा'. डॉक्टर रोग्याच्या भवितव्याविषयी जे 'प्रॉग्नॉसिस' सांगतात, ते घटकांनी पाहिले तर 'प्र' अधिक 'ज्ञा' आहे, म्हणजे रूपाने आपली 'प्रज्ञा'च, अर्थ मात्र वेगळ्या वाटेने गेलेला.

'हुपेर' आणि 'हुपो' यांचे 'उपरि' आणि 'उप' यांच्याशी असलेले नाते कळण्यासाठी एक नियम लक्षात ठेवावा लागतो. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या 'उ'ला नेहमी 'ह'कार चिकटतो. म्हणून उपरि–हुपेर, उप–हुपो आणि पाण्याचा 'उद'–'हुदोर'. दुसरा नियम असा की शब्दारंभी स्वरापूर्वी असलेल्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो: सप्त–हेप्ता, सम–होमो, आणि 'अर्धा' या अर्थाचा वैदिक 'सामि' म्हणजे ग्रीक 'हेमि', ज्यावरून हेमिस्फियर. 'स'चा 'ह' इराणी भाषांतही होतो. फार्सीत सातला 'हफ्त' म्हणतात, त्यावरून सात दिवसांचा 'हफ्ता' आणि त्यावरून मराठीत कर्जाचा हप्ता. तेव्हा बँकेचा हप्ता आणि भूमितीतला 'हेप्टागॉन' हे दूरचे भाऊबंद निघतात.

संधीचेही तसेच आहे. 'सिन' या उपसर्गाचे रूप पुढील वर्णाप्रमाणे बदलते: सिंफनी, सिलॅबल, सिस्टिम. आपल्या 'सम्'चे संगीत, संतोष, सम्मान असे होते, तसेच हे. अंत्य स्वराचा लोप होतो आणि पुढचा 'ह' आधीच्या व्यंजनाला महाप्राण करतो: 'मेता' अधिक 'होदोस' म्हणजे 'मेथोदोस', इंग्रजी मेथड. मात्र 'पेरि' आपला स्वर सोडत नाही, त्यामुळे 'पेरि' अधिक 'होदोस' यांचे 'पेरिओदोस' होते. शाळेत तास बदलताना जो पीरियड म्हणतात, तो हाच.

पण साम्य दिसले की नाते जोडायचे, हा मोह आवरावा लागतो. 'सम्' आणि 'सिन' यांचा अर्थ एक, रूपही जवळचे, तरी ते एका मुळाचे मानले जात नाहीत, कारण 'सिन'चे जुने अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सच्या बोलीतले, रूप 'क्सुन' असे आहे. पाणिनीय परंपरेत प्रादी उपसर्ग २२ आहेत आणि दिओनिसिओस थ्राक्स या प्राचीन वैयाकरणाच्या ग्रीक व्याकरणात अशा शब्दांची संख्या १८ दिलेली आहे. त्या १८ मध्ये 'तेले', 'मिक्रो', 'बिओ' यांना जागा नाही, कारण ते मुळात क्रियाविशेषण, विशेषण किंवा नाम आहेत. युरोपीय भाषांनी त्यांचा उपयोग उपसर्गासारखा केला. या सदरात आम्ही सोयीसाठी सर्वांना उपसर्गच म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, गावात मात्र सगळे एकर-गुंठ्यांतच बोलतात. हे हेक्टर, किलो वगैरे ग्रीक आहेत असे मुलगा सांगतो. खरे का?
— एक शेतकरी वाचक, बार्शी तालुका

उत्तर : मुलाचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते ग्रीक पॅरिसमध्ये कापून-छाटून तयार केलेले आहे. क्रांतिकाळातील फ्रान्सने ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मेट्रिक मापांची नावे ठरवली, तेव्हा एक नेटकी विभागणी केली: मोठ्या मापांसाठी ग्रीक उपसर्ग आणि लहान मापांसाठी लॅटिन. म्हणून डेका, हेक्टो, किलो हे ग्रीक. डेसी, सेंटी, मिली हे लॅटिन. शंभराला ग्रीकमध्ये 'हेकातोन' आणि हजाराला 'खिलिओइ' म्हणतात. त्यांपासून शिस्तीने 'हेकातो' आणि 'खिलिओ' असे काही व्हायला हवे होते, पण कायदा करणाऱ्यांना तोंडात बसणारे शब्द हवे होते. ग्रीकच्या पंडितांना त्यावेळी काय वाटले असेल याची कल्पना करता येते. बाजाराला मात्र 'किलो' पसंत पडला.

'हेकातोन'मधील 'हे' म्हणजे एक, आणि 'कातोन' म्हणजे आपले 'शत', लॅटिनमधले 'केंतुम'. 'खिलिओइ'चे नाते तर आणखी जवळ येऊन पोहोचते: 'सहस्र' या शब्दातील 'स' म्हणजे एक आणि उरलेला 'हस्र' हा 'खिलिओइ'चा भाऊ, आणि याच 'सहस्र'चे इराणी रूप म्हणजे फार्सीतून आपल्याकडे आलेला 'हजार'. किलोमीटरमधला किलो आणि हजार रुपयांतला हजार हे एकाच मुळाचे शब्द आहेत.

आता सातबाऱ्याविषयी. 'आर' हे १०० चौरस मीटरचे माप, त्याचे नाव लॅटिनमधून आलेले. असे १०० आर म्हणजे एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर किंवा सुमारे २.४७ एकर. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक, त्यामुळे आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच भरतात. म्हणून एक एकराची नोंद उताऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने ०.४०.४७ अशी येते आणि बोलताना तिचे चाळीस गुंठे होतात. ते वरचे ४७ चौरस मीटर गप्पांत सोडले तरी चालतात, मोजणीच्या वेळी मात्र सोडू नयेत.

मुलाला एवढे आणखी सांगावे की त्याच्या मोबाइलच्या जीबीतला 'गिगा' म्हणजे ग्रीक पुराणातला राक्षसी देहाचा 'गिगास', आणि 'नॅनो' म्हणजे बुटका. हे दोन्ही १९६० मध्ये अधिकृत झाले. १९७५ मध्ये आलेले 'पेटा' आणि 'एक्सा' हे 'पेंटा' म्हणजे पाच आणि 'हेक्सा' म्हणजे सहा यांचे एकेक अक्षर गाळून केलेले आहेत, कारण ते हजाराचा पाचवा आणि सहावा घात दाखवतात.

प्रश्न : रुग्णालयात 'हायपर' आणि 'हायपो' हे शब्द दिवसभर कानांवर पडतात. अर्थ नेमके उलटे आणि आवाज जवळजवळ सारखा. युरोपातल्या लोकांचा गोंधळ होत नाही का?
— एक परिचारिका, नाशिक

उत्तर : होतो, आणि प्रत्येक भाषेत तो वेगळ्या प्रकारे होतो. ग्रीकमध्ये 'हुपेर' म्हणजे वर, जास्त. 'हुपो' म्हणजे खाली, कमी. इटालियन लोक 'ह' आणि 'य' दोन्ही टाकून 'इपेर' आणि 'इपो' म्हणतात, रशियन लोक 'ह' नसल्याने 'ग' वापरतात, त्यामुळे तेथे उच्च रक्तदाबाला 'गिपेर्तोनिया' आणि कमी रक्तदाबाला 'गिपोतोनिया' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'ह' लिहितात पण उच्चारत नाहीत. तेथे आणखी एक अडचण आहे. ग्रीकमध्ये घोड्याला 'हिप्पोस' म्हणतात, पाणघोडा म्हणजे 'हिप्पोपोतामोस', नदीतला घोडा. स्पॅनिशने जोड 'प' काढून टाकल्याने 'खाली' आणि 'घोडा' हे दोन्ही 'हिपो' झाले, आणि त्यात भर म्हणजे उचकीलाही स्पॅनिशमध्ये 'हिपो'च म्हणतात. इटालियनने जोड 'प' जपला, म्हणून त्यांचा 'इप्पो' घोडा आणि 'इपो' खाली, हा भेद लेखनात तरी टिकला.

'हायपो'चा एक उपयोग रुग्णालयाबाहेरचा आहे. कर्जासाठी मालमत्ता 'खाली ठेवणे' या अर्थाचा 'हुपोथेके' हा ग्रीक कायद्यातला शब्द. जर्मनमध्ये आजही गहाणकर्जाला 'हुपोटेक' म्हणतात, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये 'इपोतेका', रशियनमध्येही 'इपोतेका'. 'हायपोथिसिस' म्हणजे गृहीतक, तोही याच घटकांचा. त्यातील 'थे' हा धातू म्हणजे आपला 'धा', ठेवणे. रशियनमध्ये मात्र गृहीतकाला 'गिपोतेझा' म्हणतात, म्हणजे एकाच भाषेत तोच उपसर्ग एकदा 'ग'सह आणि एकदा 'ग'शिवाय आला.

आपल्या कामाच्या दृष्टीने सुचवावेसे वाटते ते इतकेच की रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना हे उपसर्ग न वापरता 'साखर वाढली आहे' किंवा 'साखर उतरली आहे' असे सरळ मराठीत सांगावे. फोनवर तर नक्कीच.

प्रश्न : पॅरालिसिस, पॅराशूट, पॅरा कमांडो, पॅरामेडिकल — यांतला 'पॅरा' एकच आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, दोन निरनिराळे आहेत. पॅरालिसिस आणि पॅरामेडिकल यांतला 'पारा' ग्रीक, अर्थ 'बाजूला, शेजारी'. पॅराशूटमधला 'पारा' रोमान्स भाषांतला, 'अडवणे, वाचवणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. फ्रेंच लुई-सेबास्तियँ लनॉर्माँ याने अठराव्या शतकाच्या शेवटी हा शब्द केला, 'शूट' म्हणजे पडणे, म्हणून पॅराशूट म्हणजे 'पडण्यापासून वाचवणारे'. फ्रेंचमध्ये पावसापासून वाचवणारी छत्री 'पाराप्लुई', उन्हापासून वाचवणारी 'पारासोल' आणि इमारतीवरचा वीजवाहक 'पारातोनेर'. पॅरा कमांडोतला 'पॅरा' म्हणजे पॅराशूटचेच लघुरूप. 'पॅरामिलिटरी'तला मात्र ग्रीक, कारण निमलष्करी दल हे लष्कराच्या शेजारचे.

असाच आणखी एक चकवा 'अँटी'चा आहे. ग्रीक 'आन्ति' म्हणजे विरुद्ध, लॅटिन 'आन्ते' म्हणजे आधी, पुढे. दोन्ही मुळात एकच असून वैदिक 'अन्ति' म्हणजे समोर, जवळ, हाही त्यांचाच सोबती; समोर उभा असलेला तो विरोधक, असा अर्थ सरकला असावा हे उघड आहे. इटालियनमध्ये दोन्हींचे 'आन्ती' झाले, त्यामुळे 'आन्तीपास्तो' म्हणजे जेवणाचा विरोध नसून जेवणाआधीचा पदार्थ. फ्रेंचमध्ये याच्या नेमके उलट झाले: ख्रिस्ताचा शत्रू तो 'अँटिख्रिस्ट', पण मध्ययुगात कोणी तरी 'अँटी'चे 'आँते' केले आणि आजही फ्रेंचमध्ये तो 'आँतेक्रिस्त', म्हणजे शब्दशः ख्रिस्ताच्या आधीचा, असाच लिहिला जातो.

प्रश्न : मुलगा रशियात एमबीबीएसच्या समकक्ष शिक्षण घेत आहे. तो म्हणतो की तेथे शुद्धलेखनाला 'अर्फाग्राफिया' आणि हाडांच्या डॉक्टरला 'अर्तापेद' म्हणतात. दोन्हींत 'ऑर्थो' असताना एकदा 'फ' आणि एकदा 'त' का?
— एक पालक, जळगाव

उत्तर : कारण हे शब्द दोन वेगळ्या दरवाजांनी आत आले. रशियाने ख्रिस्ती धर्म, लिपी आणि पहिली ग्रंथपरंपरा थेट बायझँटियमच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, ग्रीकांकडून घेतली. ग्रीक 'थ'चा मध्ययुगीन उच्चार इंग्रजी 'थिंक'मधल्यासारखा घर्षक होता. स्लाव्ह कानांना तो 'फ'सारखा वाटला. म्हणून थिओडोरचा झाला 'फ्योदर' आणि अरिथ्मेटिकचे 'अरिफ्मेतिका'. या 'थ'साठी रशियन लिपीत 'फिता' नावाचे निराळे अक्षरही होते, ते १९१८ च्या लिपीसुधारणेत काढून टाकले. ऑर्थोपेडिक्स हा शब्द मात्र पश्चिमेकडून, लॅटिन-फ्रेंच-जर्मन वळणाने आला, आणि तेथे ग्रीक 'थ' म्हणजे साधा 'त'.

हाच भेद 'औ' आणि 'एउ' या स्वरजोडांत दिसतो. पश्चिमेत 'आउटो', 'ऑटो', 'ओतो'. बायझँटाइन वाचनात 'अव', म्हणून रशियन 'अव्तोबुस'. तसेच 'युरोप'ला रशियनमध्ये 'येव्रोपा' म्हणतात.

प्रश्न : जर्मनीत दुधाच्या पिशवीवर 'बिओ' लिहिलेले असते, म्हणजे सेंद्रिय. स्वीडनला गेलो तर रस्त्यावर 'बिओ'ची पाटी, आत पाहिले तर सिनेमा!
— एक मराठी वाचक, म्युनिक

उत्तर : 'बिओस' म्हणजे जीवन. युरोपीय संघाच्या नियमांनुसार 'बिओ' आणि 'एको' ही लघुरूपे सेंद्रिय उत्पादनांसाठी राखीव आहेत. जर्मन-फ्रेंच-इटालियन लोकांनी 'बिओ' उचलला, स्वीडिश आणि डॅनिश लोकांनी 'एकोलोगिस्क' व 'ओकोलोगिस्क'. हा दुसरा शब्द एर्न्स्ट हेकेल याने १८६६ मध्ये 'ओइकोस' म्हणजे घर यावरून केलेल्या 'इकॉलॉजी'तून आला. स्वीडिश 'बिओ' हे 'बिओग्राफ'चे लघुरूप आहे. हलती चित्रे पहिल्यांदा आली तेव्हा 'जिवंत चित्र' या कल्पनेवरून त्या यंत्रांना बायोग्राफ, बायोस्कोप अशी नावे दिली गेली. आपल्याकडे जुनी माणसे सिनेमाला 'बायस्कोप' म्हणत, तो याच काळातला शब्द. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी जो पहिला खेळ झाला, तो मात्र ल्युमिएर बंधूंच्या 'सिनेमातोग्राफ'चा, 'किनेमा' म्हणजे हालचाल या शब्दावरचा. त्याच 'किनेमा'चे जर्मनांनी आणि रशियनांनी 'किनो' केले.

प्रश्न : आपण दूरध्वनी, दूरदर्शन असे शब्द केले, त्यांची थट्टाही झाली. युरोपात कोणी असे भाषांतर केले का? आणि 'टेलिव्हिजन' हा अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन असल्याने अशुद्ध आहे असे वाचले, ते कितपत खरे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी दुसरा भाग. 'टेलिव्हिजन' हा शब्द १९०० मध्ये पॅरिस येथील वीजविषयक परिषदेत कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियन गृहस्थाने वापरला. त्यात 'टेलि' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन, हे खरे. 'ऑटोमोबाइल' आणि 'सोशियॉलॉजी' हेही असेच मिश्र शब्द आहेत. व्याकरणाच्या कडक शिस्तीने पाहिले तर ते सदोष. पण तशी शिस्त लावली तर आपल्या 'ऑटोरिक्षा'चे काय करायचे, ज्याचे डोके ग्रीक आणि धड जपानी आहे? विदर्भात लोकांनी त्यातले डोके ठेवून 'ऑटो' केला, पुण्या-मुंबईने धड ठेवून 'रिक्षा' केली आणि दोघांचेही काम चालले आहे.

भाषांतराचे म्हणाल तर ते पुष्कळांनी केले. जर्मन लोक टेलिव्हिजनला 'फेर्नझेएन' म्हणतात, म्हणजे शब्दशः दूर-पाहणे, आणि हा शब्द तेथे पूर्ण रुळला आहे. टेलिफोनसाठी सरकारी 'फेर्नश्प्रेखर', म्हणजे दूर-बोलणारा, बराच काळ चालला, पण लोकांनी 'टेलेफोन'च धरला. आइसलँडने टेलिफोनसाठी धागा या अर्थाचा 'सीमी' हा विस्मरणात गेलेला जुना शब्द शोधून काढला आणि फिनिशने 'बोलणे' या क्रियापदावरून 'पुहेलिन' केला. हायड्रोजनला जर्मन 'वासरश्टोफ' म्हणजे जलद्रव्य म्हणतात, रशियन 'वदारोद' म्हणजे जलजनक. आपल्याकडे जुन्या पारिभाषिक लिखाणात त्याला 'उदजन' म्हणत, आणि तो शब्द मला सर्वांत अधिक आवडतो, कारण 'हुदोर' आणि 'उद' एकाच मुळाचे, 'गेन' आणि 'जन' एकाच मुळाचे. भाषांतर करायला गेले आणि सख्खा चुलतभाऊ हाती लागला. 'दूरध्वनी'ची थट्टा करणाऱ्यांनी 'फेर्नझेएन' पाहावे. शब्द टिकतो की नाही हे तो वापरणाऱ्यांवर अवलंबून असते, त्याच्या जन्मावर नव्हे. लेखी मराठीत 'दूरध्वनी' चांगला चालतो, बोलताना आपण 'फोन' म्हणतो, म्हणजे ग्रीक उपसर्ग गाळून उरलेला ग्रीक शब्द.

खुद्द ग्रीकांनी मात्र टेलिव्हिजनमधला लॅटिन भाग चालवून घेतला नाही. त्यांनी 'व्हिजन'च्या जागी स्वतःचा 'ओरासी' बसवून 'तिलेओरासी' केला आणि ऑटोमोबाइलचा 'आफ्तोकिनितो', म्हणजे स्वतः हलणारे. सुपरमार्केटसाठीही त्यांच्याकडे 'इपेरागोरा' असा खास ग्रीक शब्द आहे, सायप्रसमध्ये तो बराच वापरला जातो. अथेन्समध्ये भाजी आणायला निघालेला माणूस 'सुपर मार्केत'लाच जातो म्हणून सांगतो.